जुन्या सायकलीला भंगारातला साज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पडवीत, जिन्याखाली किंवा गोठ्यात उभी असलेली काळी २८ इंची सायकल पुन्हा रस्त्यावर आणताना तिला थोडं नटवावं, आणि तेही नवं सामान न आणता, असं अनेकांना वाटतं. त्याबद्दल सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एकाच गोष्टीचा दोनदा उल्लेख टाळण्यासाठी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. ‘जुनी सायकल’ म्हणजे किती जुनी? आमची ॲटलस १९९० नंतरची आहे, ती चालेल का?

चालेल. या कामात वयापेक्षा बांधणी महत्त्वाची. २८ × १½ ची चाकं, रॉड ब्रेक (तारेऐवजी लोखंडी दांड्यांनी ओढले जाणारे), कॉटर पिनचा क्रँक (पाचरीसारख्या पिनेने बसवलेला पायडलचा दांडा), पत्र्याचे मडगार्ड आणि डबल स्टँड एवढं असलं की इथल्या सगळ्या युक्त्या लागू पडतात. इंग्लंडहून आलेल्या रॅले, हम्बर, बीएसए असोत, आसनसोलची सेन-रॅले असो, मद्रासजवळच्या अंबत्तूरची हर्क्युलिस असो किंवा सोनीपतची ॲटलस, सांगाडा जवळजवळ तोच. ॲटलसची सुरुवात १९५१ ची, तिचा शेवटचा साहिबाबादचा कारखाना २०२० मध्ये बंद झाला. सुटे भाग मात्र अजून सहज मिळतात.

मागच्या चाकाला स्टर्मी-आर्चर या इंग्लिश कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मध्यावरची नळी) असेल तर त्याच्या नळीवर बहुतेक वेळा वर्षाचे शेवटचे दोन आकडे ठोकलेले असतात. हब सायकलीइतकाच जुना असेल असं मात्र नाही, तो मागाहून बदललेला असू शकतो.

२. असं काही केलं तर सायकलीची किंमत उतरते का?

भोक पाडलं, वेल्डिंग केलं किंवा मूळ रंग घासला तर नक्की उतरते. नुसतं बांधलं, गुंडाळलं, अडकवलं तर नाही. एक नियम पाळा: लावलेली प्रत्येक गोष्ट एका पान्याने आणि एका कात्रीने अर्ध्या तासात निघाली पाहिजे, आणि निघाल्यावर खूण राहता कामा नये. या पानावरची प्रत्येक युक्ती याच नियमात बसवली आहे.

फ्रेमवरच्या सोनेरी रेघा आणि कंपनीचं चित्र शाबूत असेल तर त्या भागाला काहीच लावू नका. रंग पुन्हा देता येतो, त्या रेघा तशा पुन्हा येत नाहीत.

३. सामान कुठून मिळवायचं?

पंक्चरच्या दुकानात रद्द झालेल्या ट्यूबा पोत्याने पडलेल्या असतात, बहुतेक जण फुकट देतात. वायरिंगचं काम चाललेल्या इमारतीत वायरचे तुकडे मिळतात. चामडी पट्टे, घड्याळाचे पट्टे, बकलं भंगारवाल्याकडे मिळतील. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार आहे, मुंबईत चोरबाजार. मूळ घंटी, दिव्याची टोपी, पितळी बिल्ले असल्या गोष्टींसाठी तिथे जा. ट्यूब आणि वायरसाठी तेवढी पायपीट करू नका.

४. क्रोमवर गंज आहे. सजवण्याआधी तो कसा काढायचा?

हॉटेलच्या पार्सलची ॲल्युमिनिअम फॉईल धुऊन घ्या, चुरगाळून लिंबाएवढा गोळा करा, पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. रिम, हँडल, क्रँक यांवरचे तांबूस ठिपके पाच-दहा मिनिटांत निघतात. क्रोम ॲल्युमिनिअमपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे चरे पडत नाहीत. काळपट राड येईल, ती लगेच फडक्याने पुसा आणि वर मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा. तेल विसरलात तर दोन पावसांत ठिपके परत येतील, कारण क्रोमला जिथे सूक्ष्म छिद्रं पडली आहेत तिथलं लोखंड आता उघडं आहे.

जिथे क्रोमचा पापुद्राच सुटला आहे तिथे फॉईल उपयोगाची नाही. रंगावर आणि चित्रांवर तर ती अजिबात घासू नका.

५. समोरचा बिल्ला आणि नगरपालिकेचा जुना कराचा बिल्ला चिंचेने घासू का?

आधी धातू ओळखा. पितळी बिल्ल्याला चिंचेचा कोळ दोन मिनिटं लावून धुतला तर उजळतो. भारतीय सायकलींचे बरेच बिल्ले ॲल्युमिनिअमचे असतात, त्यांवर चिंच लावली की ते राखाडी पडतात. बिल्ल्यात लाल-निळा रंग भरलेला असेल तर आंबट काहीच नको, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश पुरे.

सायकलवर कर होता त्या काळातला बिल्ला मात्र जसा आहे तसा राहू द्या. त्याचा काळपटपणा हीच त्याची ओळख, आणि घासून घासून वर्षाचा आकडा पुसट झालेले बिल्ले बाजारात भरपूर दिसतात.

६. ट्यूबपासून हँडलच्या मुठी कशा करायच्या? माझ्या तर दोन दिवसांत सुटल्या.

सुटण्याची कारणं दोनच: आतली पावडर न धुणं आणि सैल गुंडाळणं. २८ इंची ट्यूब साधारण दोन मीटर लांब असते आणि उभी चिरून उघडली की नऊ-दहा सेंटिमीटर रुंद भरते. व्हॉल्व्हचा भाग आणि पंक्चरचे पॅच टाळून कापा. साबणाने आतून-बाहेरून धुवा, पूर्ण वाळवा. मग २५ मि.मी. रुंदीच्या पट्ट्या काढा. कात्री मध्येच थांबवून पुन्हा सुरू केली की काठाला दात पडतात आणि ताणल्यावर पट्टी तिथूनच फाटते, म्हणून एका लांब चालीत कापा.

एका मुठीला सुमारे ६० सें.मी. पट्टी लागते. टोकाकडून आतल्या बाजूला गुंडाळत या, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्यावर ८ मि.मी. चढवा, आणि पट्टी तिच्या लांबीच्या सव्वापट होईल एवढी ताणत राहा. शेवटचे दोन फेरे घालण्याआधी खाली एक दोरा आडवा ठेवा, पट्टीचं टोक त्या फेऱ्यांखाली सरकवा आणि दोरा ओढून टोक आत घ्या. डिंक लागत नाही. पंक्चरचं सोल्यूशन लावायचंच तर फक्त शेवटच्या इंचाला. फेव्हिक्विक लावू नका, तो रबरावर कडक होतो आणि मूठ पिळली की तडकतो.

हँडलचं टोक उघडं ठेवू नका. पडताना उघड्या नळीने खोल जखम होते. वाईनच्या बाटलीचं बूच साधारण २४ मि.मी. जाड असतं, ते पॉलिश पेपरवर थोडं निमुळतं करून ठोकून बसवा.

७. ट्यूब गुंडाळलेल्या जागी रंग फुगला आणि खाली गंज निघाला. असं का झालं?

रबराखाली पाणी शिरतं पण वाऱ्याला वाट नसते, म्हणून ओल आठवडेच्या आठवडे तिथेच राहते. कोकणात आणि गोव्यात खारी हवा असल्याने हे आणखी लवकर होतं. म्हणून दांडीवर, फोर्कवर किंवा चेनजवळच्या नळीवर पट्टी बांधायची असेल तर आधी मेणाचा किंवा ग्रीसचा पातळ थर द्या, आणि खालच्या बाजूला एका फेऱ्यात बोटभर फट ठेवा म्हणजे पाणी निथळेल. मृगाआधी सगळ्या पट्ट्या उतरवा, दसऱ्याला परत चढवा. हँडलच्या क्रोमलाही हेच लागू आहे.

८. स्पोकवर रंगीत मणी दिसतात तसे घरच्या घरी करता येतील का?

येतील, आणि विकतच्यांपेक्षा चांगले. ‘अडीचची’ म्हणजे २.५ स्क्वेअर मि.मी.ची घरगुती वायर घ्या. तिच्या आतल्या तांब्याची जाडी साधारण २ मि.मी. असते आणि १४ गेजचा स्पोकही २ मि.मी.चाच. त्यामुळे तिचं वेष्टण स्पोकवर नेमकं बसतं. तांबं बाजूला काढून ठेवा, भंगारवाला त्याचे चांगले पैसे देतो.

वेष्टणाचे ४ सें.मी.चे तुकडे करा, ब्लेडने एका बाजूने उभी चीर द्या, चीर उघडून स्पोकवर दाबा. लाल, पिवळी, हिरवी, निळी, काळी अशी पाच रंगांची वायर सहज मिळते. पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्याला ४० स्पोक असतात, म्हणून पुढे दोन किंवा चार रंगांची आवर्तनं बरोबर जुळतात, मागे पाचाचीही जुळतात. पुढच्या चाकावर पाच रंग घातले की शेवटी दोन स्पोक उरतात आणि ते डोळ्यांना खुपतात.

तुकडे हबपासून वर पाच ते वीस सेंटिमीटरच्या पट्ट्यातच ठेवा. रिमजवळचे पाच सेंटिमीटर मोकळे हवेत, कारण रॉड ब्रेकची नाल रिमच्या आतल्या अंगाने दाबते आणि सरकलेला तुकडा तिथे अडकतो. तुकडा सैल वाटला तर ती वायर अडीचची नव्हे, चारची आहे. दीडचं वेष्टण उलट बसतच नाही, चिरेतून उघडंच राहतं.

९. स्पोकला पत्ता लावून फटफटीसारखा आवाज काढायचा आहे. स्पोक खराब होतात का?

जाड पुठ्ठ्याने किंवा पत्त्याने होत नाहीत. जुन्या एटीएम कार्डाने होतात: ते वाकत नाही, प्रत्येक स्पोकला ठोकर देतं, महिनाभरात निपल (स्पोक रिमला धरणारे छोटे नट) सैल होऊन चाक आउट येतं, म्हणजे वाकडं फिरतं.

मागच्या चाकाला, डाव्या बाजूला, चेन नसलेल्या अंगाला लावा. लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम, ९ × ५ सें.मी.चा तुकडा पुरे. लाकडी कपड्याच्या चिमट्याने तो खालच्या आडव्या नळीला पकडा, वरून ट्यूबची रिंग घाला. स्पोकमध्ये दीड सेंटिमीटरहून जास्त आत जाऊ देऊ नका. ताशी १२ किलोमीटरच्या वेगाने हे चाक सेकंदाला दीड फेरा घेतं, म्हणजे चाळीस स्पोकांचे सेकंदाला साठ ठोके. हळू चालवलं तर टक-टक, वेग वाढला की घरघर.

फुगाही बांधतात. त्याचा आवाज जास्त भरदार, पण तो फुटला की त्याचं रबर हबभोवती गुंडाळतं. पुढच्या चाकाला यांतलं काहीच नको. चिमटा सुटून फोर्कात अडकला तर माणूस हँडलवरून पुढे पडतो.

१०. हबभोवती चामड्याचा पट्टा का घालतात? नुसती शोभा का?

नाही, तो झाडू आहे. हब फिरतो, सैल पट्टा तिथेच लोंबत राहतो आणि हबची नळी आपोआप पुसली जाते. रंगीत लोकरीची किंवा ब्रशसारखी कडी असते तीही याच कामाची.

घड्याळाचा जुना चामडी पट्टा यासाठी अगदी बेतशीर. दोन्ही भाग जोडून बकल लावा, हबभोवती तीन बोटं सैल राहील एवढा. आतल्या अंगाला मशीनच्या तेलाचे दोन थेंब द्या. तेल जास्त झालं तर धूळ धरून तोच पट्टा पॉलिश पेपरचं काम करतो. बकल स्टीलचं आणि टोकदार असेल तर त्याखाली ट्यूबचा तुकडा ठेवा. मागच्या हबला घालू नका, फ्रीव्हीलच्या (चेन बसते त्या दातेरी चाकाच्या) बाजूला ओढला जातो. प्लॅस्टिकचा पट्टा आवाज करतो, पुसत काहीच नाही.

११. मडगार्डची चिखलपट्टी कशाची करावी आणि किती लांब?

ट्रकच्या ट्यूबचं रबर सगळ्यात चांगलं: जड, लवचीक, फडफडत नाही. चामडं पहिल्या पावसात आखडतं. पाण्याच्या बाटलीचं प्लॅस्टिक वाऱ्याला उडतं आणि कडेने चिरतं.

वरची रुंदी मडगार्डएवढी म्हणजे साडेपाच-सहा सेंटिमीटर, खाली नऊ, लांबी पंधरा. नवं भोक नको. मडगार्डच्या शेवटच्या दांडीचा बोल्ट आहे त्याच भोकात, आतून एक मोठा वॉशर देऊन बसवा. खालचं टोक जमिनीपासून आठ ते दहा सेंटिमीटर वर हवं. बरेच जण ती लोंबती ठेवतात, रुबाबदार दिसते म्हणून. मग सायकल पायरीवरून मागे ओढली की पट्टी टायर आणि पायरीच्या मधे सापडते, मडगार्ड आत ओढलं जातं आणि पत्रा दुमडतो. पुढच्या चाकाला तर आखूडच ठेवा.

नक्षी करायची असेल तर दुसऱ्या रंगाच्या रबराचे आकार कापून सोल्यूशनने चिकटवा: दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरवडा, सोल्यूशन लावा, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळू द्या, मगच दाबा. ओलं असताना दाबलं की कड सुटते.

१२. जुन्या साडीचं साडीगार्ड करता येतं असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, पण सुती साडी नको. ती भिजली की सैल पडते आणि थेट स्पोकमध्ये जाते, म्हणजे ज्यासाठी केलं तेच घडतं. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची घ्या. आठ सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या फाडा, पीळ घालून करंगळीएवढी दोरी वळा. एका सायकलीला सुमारे दहा मीटर दोरी लागते.

मागच्या ॲक्सलच्या नटाखाली दोन्ही बाजूंना ४० ते ५० मि.मी.चा जाड वॉशर बसवायचा, कडेने आठ भोकं पाडून. भोकं वॉशरला, सायकलीला नाही. नट पूर्ण चढल्यावर ॲक्सलचा आटा बाहेर दिसला पाहिजे. दिसत नसेल तर वॉशर पातळ घ्या. डाव्या वॉशरपासून दोरी वर न्या, मडगार्डवरून पलीकडे टाका, उजव्या वॉशरला बांधा. असे आठ पेड, मडगार्डवर एकमेकांपासून चार-पाच सेंटिमीटरवर, सीटखालच्या नळीपासून मागे पंख्यासारखे. दोऱ्या सरकू नयेत म्हणून मडगार्डवर आधी ट्यूबची लांब पट्टी ठेवा, रंगही वाचतो. उजवीकडे चेनकव्हरला दोरी टेकत असेल तर तिकडचे पेड कमी करा. बांधून झाल्यावर अंगठ्याने दाबून पाहा, स्पोकपर्यंत पोचत असतील तर अजून ताणा.

पदर आणि ओढणी यामुळे अडकत नाही. कॅरिअरवर बसलेल्या मुलाची टाच मात्र याने वाचत नाही, त्यासाठी पत्र्याचं किंवा सळ्यांचंच गार्ड हवं.

१३. पंधरा किलोचा तेलाचा डबा कॅरिअरवर पेटीसारखा लावायचा आहे. कसा?

डबा साधारण २३ × २३ × ३५ सें.मी.चा असतो. आडवा ठेवून वरची बाजू तीन कडांनी कापली की तीच झाकण होते. आधी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून दोनदा धुवा. तेलाचा वास राहिला की मुंग्या आणि उंदीर दोन्ही येतात. थिनर, रंग किंवा औषधफवारणीचा डबा घेऊच नका. त्यातली वाफ ग्राइंडरच्या ठिणगीने पेटते.

कापलेली कड धारदार असते. ती एक सेंटिमीटर आत दुमडून हातोडीने बसवा आणि वरून उभी चिरलेली पाण्याची बारीक नळी चढवा. डब्याच्या तळाला चार भोकं पाडून ट्यूबच्या पट्ट्या आरपार घाला आणि कॅरिअरच्या सळ्यांखाली गाठ मारा. डबा आणि कॅरिअर यांच्यामध्ये दुमडलेली ट्यूब ठेवली नाही तर खड्ड्यागणिक घणघण ऐकावी लागते. तळाला आणखी दोन बारीक भोकं पाणी जाण्यासाठी.

डब्यावरची मूळ छपाई ठेवा. सूर्यफूल नाहीतर शेंगदाणा तेलाचं ते चित्र कुठल्याही रंगकामापेक्षा देखणं दिसतं.

१४. फ्लेक्सचा उपयोग होतो का? आमच्या चौकात तर ढीग पडतो.

सीटचं पावसाळी कव्हर आणि हँडलची पिशवी यासाठी होतो. रोज बसायच्या कव्हरसाठी नाही, घामाने घसरतं. छापलेली बाजू आत ठेवा, म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हात जोडलेले दादा आपल्यापुरते राहतात. शिवताना १८ नंबरची सुई आणि ४ मि.मी.चा टाका. बारीक टाका घातला तर तिकिटासारखी ओळ होऊन तिथेच फाटतो. उन्हात वर्षभराने तो तडकायला लागला की बदलायचा.

१५. घंटीची टोपी हरवली. वाटी बसवली तर ठक् असा बसका आवाज येतो.

वाटी कुठेतरी टेकते आहे. घंटी फक्त मधल्या बिंदूवर धरलेली असावी, कड पूर्ण मोकळी. पाच-सहा सेंटिमीटरची पितळी वाटी घ्या, बरोबर मध्यावर ६ मि.मी.चं भोक पाडा, बोल्टवर दोन नट चढवून तिला खालच्या बशीपासून तीन-चार मि.मी. उचला. आतला ठोका कडेपासून एक मि.मी. दूर थांबला पाहिजे. तो टेकून राहिला तर आवाज दबतो, फार दूर असेल तर पोचतच नाही. वाटीच्या वर आणि खाली पातळ चामड्याचा वॉशर, रबराचा नको. रबर नाद खातं.

स्टीलची पातळ वाटी पत्र्यासारखी वाजते. काशाची सगळ्यात गोड वाजते, पण कासं ठिसूळ असतं, ड्रिल लावताच तडकतं. पाय घासायची काशाची वाटी घरातच राहू द्या.

१६. सायकल रंगवून आणली आणि डायनॅमोचा दिवा बंद पडला. डायनॅमो गेला का?

बहुधा नाही. डायनॅमोतून दिव्याकडे एकच वायर जाते, परतीची वाट सायकलच्या लोखंडातून असते. नव्या रंगाने ती वाट बंद केली. डायनॅमोच्या क्लॅम्पला एक टोकदार स्क्रू असतो, तो रंग फोडून लोखंडाला टेकेपर्यंत आवळा. दिव्याच्या कडीखालीही नखाएवढा रंग खरवडा. रंग तसाच ठेवायचा असेल तर दुसरी वायर ओढा: डायनॅमोच्या बॉडीपासून दिव्याच्या बॉडीपर्यंत. प्रश्न ८ मधली उरलेली वायर इथे चालेल.

१७. जुन्या दिव्याच्या टोपीत भंगारातला एलईडी बसवला, पहिल्याच उतारावर जळला. काय चुकलं?

टायरला टेकून फिरणाऱ्या बाटलीच्या आकाराच्या डायनॅमोवर ६ व्होल्ट, ३ वॉट लिहिलेलं असतं, म्हणजे अर्धा अँपिअर. एक वॉटचा एलईडी ३५० मिलिअँपिअर झेलतो, त्याला ५०० मिळाले. शिवाय डायनॅमोचा प्रवाह उलटसुलट असतो, तो सरळ करावा लागतो. ३ वॉटचा एलईडी घ्या, प्रवाह सरळ करायला चार १एन५८१९ डायोडचा ब्रिज (चौकोनी जोडणी) करा, एलईडीमागे ॲल्युमिनिअमचा तुकडा उष्णता काढायला लावा. लुकलुक थांबवायला कपॅसिटर घातलात आणि एलईडीची वायर सुटली तर व्होल्टेज चढून कपॅसिटर फुटतो. नसला तरी चालतं, हळू चालवताना थोडं लुकलुकेल एवढंच. ब्रिज लावल्यावर एलईडीची कुठलीही तार बॉडीला टेकू देऊ नका.

मूळ बल्ब ठेवले असतील तर पुढचा २.४ वॉटचा आणि मागचा ०.६ वॉटचा अशी जोडी असते. मागचा उडाला की त्याचा वाटा पुढच्याला जातो आणि तोही लवकर उडतो. म्हणून दोन्ही एकदम तपासा.

मोबाइलची जुनी बॅटरी आत बसवण्याचा मोह टाळा. फुगलेली असेल तर घरातही ठेवू नका.

१८. सीडी लावली तर रिफ्लेक्टरचं काम होईल का?

नाही. सीडी आरशासारखी आहे, प्रकाश दुसरीकडेच फेकते. रिफ्लेक्टर तो आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून गाडीवाल्याला दिसतो. सीडी दिवसा छान चमकते, शोभेला ठेवा, पण स्पोकमध्ये नको. ती फुटली की सुऱ्यासारखे तुकडे होतात. जुन्या दप्तरांवरच्या, रेनकोटवरच्या राखाडी चमकत्या पट्ट्या खऱ्या कामाच्या. त्या मडगार्डच्या दांड्यांना गुंडाळा. मागचा लाल रिफ्लेक्टर आहे तिथेच राहू द्या.

१९. हार्डवेअरच्या दुकानातला नट बसतच नाही. आटा खराब झाला आहे का?

आटा ठीक असेल, माप वेगळं आहे. या सायकलींचे आटे ब्रिटिश पद्धतीचे, इंचाला २६ फेऱ्यांचे. रॅलेचा पुढचा ॲक्सल ५/१६ इंची. ८ मि.मी.चा नट दीड फेरा जातो आणि अडकतो. पुढे जोर लावला तर दोन्ही आटे जातात. जुन्या बाजारातून दुसऱ्या सायकलीचाच नट आणा. मडगार्ड-कॅरिअरच्या बारीक बोल्टांसाठी बोल्ट आणि नट दोन्ही नवे मेट्रिकचे वापरा, जुने पिशवीत घालून सीटखाली बांधून ठेवा.

२०. भंगारातून काय अजिबात घेऊ नये?

ब्रेकचे गट्टू (जुनं रबर दगड होतं, धरत नाही), कॉटर पिन, चेन, फोर्क, हँडलचा आतला बोल्ट आणि कडेला भेगा पडलेले टायर. हे सगळं नवं घ्या. कॉटर पिन तर पन्नास पावलांवर दगा देते, तीही बहुधा चढावर उभं राहून पायडल मारताना. रॉड ब्रेकच्या दांड्यांना गोंडे, दिवे, झेंडा काहीही बांधू नका. दांडी पूर्ण खाली-वर सरकायला जागा लागते.

२१. दसऱ्याला हार घालतो तो किती लांब असावा? आणि हळदीकुंकवाचे डाग?

हार हँडल आणि दिव्याच्या कडीभोवतीच बसेल एवढा, खालचं टोक पुढच्या मडगार्डच्या वर. दोरा सुती असू द्या, नायलॉनचा दोरा स्पोकमध्ये गेला तर तुटत नाही. झेंडू दुसऱ्या दिवशी काढा. ओली फुलं क्रोमवर आठवडाभर राहिली की गंजाचे ठिपके उठतात. हळद ताज्या रंगात मुरते, म्हणून कुंकू-हळद घंटीच्या टोपीवर किंवा सीटच्या नळीला बांधलेल्या कागदावर लावा.

२२. सायकल विकायची आहे. चिकटवलेलं सगळं डाग न ठेवता कसं काढू?

सोल्यूशनचे डाग रॉकेलच्या फडक्याने दोन-तीनदा पुसून जातात, मग साबणाचं पाणी. स्टिकर आणि पट्ट्यांचा डिंक केस वाळवायच्या मशीनने कोमट करा आणि जुन्या कार्डाच्या कडेने ढकला, प्रश्न ९ मधलं एटीएम कार्ड इथे उपयोगी. थिनर वापरू नका, तो डिंकाबरोबर सोनेरी रेघाही नेतो. पट्टीखाली रंग थोडा गडद राहिला असेल तर घाबरू नका. ऊन न लागल्याने तो मूळ रंग तसाच टिकला आहे, आणि घेणारा जाणकार असेल तर तोच आधी पाहील.